बघण्याची लिंक

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चौकशी अधिकाऱ्यांनी समोरच्या कागदांवरून नजर उचलली आणि विचारलं, "मृताच्या आई जोडल्या आहेत का?"

"आहे की," आई म्हणाली. "केव्हाची बसलेय."

टीव्हीसमोर लाकडी खुर्चीत ती ताठ बसली होती. अंगावर ठेवणीतले कपडे, केस चापून बसवलेले, हातरुमाल मुठीत. शाळेत हजेरीला करतात तसा तिने हात वर केला.

टीव्हीतल्या कारकुनाने आपल्या संगणकाकडे पाहिलं. "नाही साहेब. कुटुंबाकडून कोणीच जोडलेलं नाही."

"अरे, आहे ना मी!" आई उभी राहिली. मग खोलीतल्या लोकांकडे वळून म्हणाली, "ह्यांना दिसत कशी नाही मी?"

खोलीत तिघं होती. थोरला मुलगा, सून आणि शेजारच्या सिस्टर. सिस्टर इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण इमारतीत सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. पहिल्यांदा बोलल्या त्याच.

"त्यांना कशा दिसाल? तो टीव्ही आहे," त्या म्हणाल्या. मग थोरल्याकडे वळल्या. "तू आईंना जोडलंस कुठून?"

थोरला खिडकीशी उभा होता. तो टीव्हीकडेच बघत राहिला.

चौकशी धाकट्याच्या मृत्यूची होती. धाकटा एका शीतगृहात माल वर-खाली नेणारी लिफ्ट चालवायचा. गेल्या हिवाळ्यात लिफ्टचं जाळीचं दार उघडं असताना लिफ्ट सुरू झाली आणि तो क्रेटसकट खाली गेला. दार दोरीने मागे बांधलेलं सापडलं. कंपनीचं म्हणणं असं की दोरी त्याने स्वतःच्या मनाने बांधली, दार बिघडल्याची तक्रार कधी केली नाही, तेव्हा चूक त्याची.

तक्रार त्याने केली होती. अपघाताच्या आदल्या आठवड्यात स्वयंपाकघरात भांडी घासता घासता त्याने सुपरवायझरला फोन लावला होता. हात साबणाचे, म्हणून फोन ओट्यावर, स्पीकर चालू. आई शेजारी पुसलेल्या ताटल्या रचत होती. दार लागत नाही, असं धाकटा म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, "मग दोरीने बांध आणि चालव. माल सडला तर तू भरून देणार आहेस का?" हे बोलणं ऐकणारी जगात एकटी आई होती. सुपरवायझरने कानावर हात ठेवले होते. फोन आल्याचं त्याला मान्य होतं, पण रजेविषयी बोलणं झालं, असं त्याने लिहून दिलं होतं.

कुटुंबाचा लेखी जबाब थोरल्याने दिला. त्यात हा फोन नव्हता. "हे तू तोंडी सांग," तो आईला म्हणाला होता. "तुझ्या तोंडून जास्त पटेल."

थोरला त्याच शीतगृहात स्टोअरकीपर आहे. भावाच्या जागी तोच कामाला लागला होता असं नाही; तो आधीपासून होता, धाकट्याला त्यानेच चिकटवलं होतं. अपघातानंतर त्याने नोकरी सोडली नाही. घरात कोणीतरी कमावतं हवं, हे सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे त्यावर कोणी बोललं नाही.

चौकशीचं कार्यालय दुसऱ्या शहरात, दिवसभराच्या प्रवासावर. आईच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तरी ती जायला तयार होती. "डोळ्यांनी थोडीच सांगायचंय, तोंडाने सांगायचंय," ती म्हणाली. तेवढ्यात कार्यालयाकडून थोरल्याच्या फोनवर निरोप आला की साक्षीदारांना घरूनही बोलता येईल. निरोपात दोन लिंक होत्या. एक साक्षीदाराने जोडून घेण्याची, दुसरी कार्यालयाच्या इंटरनेटवरच्या चॅनेलवर सुनावणी नुसती बघण्याची.

आईला फोनवरचं दिसत नव्हतं. "एवढ्याशा काचेत मला साहेबाचं डोकं दिसतं की कलिंगड, तेच कळत नाही," ती म्हणाली. "टीव्हीवर लावता येतं का बघ."

टीव्ही जुना होता. चपटा होता एवढंच, बाकी त्याला इंटरनेटचा गंधही नव्हता. तो धाकट्याला कंपनीनेच दिला होता. वर्षभर एकही अपघात न करता लिफ्ट चालवल्याबद्दल. खालच्या कडेला अजून स्टिकर होतं, 'सुरक्षित कामगार'. सून पुसताना त्याच्या भोवतीने फडकं फिरवायची. आईने ते खरवडू दिलं नव्हतं.

"नवाच घेऊ या की," सून म्हणाली होती. "हा म्हातारा झालाय आता."

"म्हातारी मीही झालेय. मलाही बदलून आणा."

"आई, तुमच्यासारखं मॉडेल आता निघत नाही."

"निघायचं नाहीच. दुरुस्तीला परवडत नाही."

हे त्यातल्या त्यात बऱ्या दिवसांतलं बोलणं.

नवा टीव्ही घेतला नाही. थोरला आणि सून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे अँटेना म्हणतात. एके काळी तो गच्च्यांवर अँटेना बसवत फिरायचा, त्यावरून. दुकानात गर्दी होती. अँटेनाने एक डोंगल काढून काउंटरवर ठेवलं, बोटाएवढं.

"मागे एचडीएमआयचं भोक आहे ना? त्यात हे घाला. टीव्हीला रिमोटने सांगा, आता इथलं चित्र दाखव. बास. म्हातारा टीव्ही तरणा होतो."

"सेट-टॉप बॉक्स त्याच भोकात आहे," थोरला म्हणाला.

"मग त्याला बाहेर काढा. एका म्यानात… जाऊ दे. एका वेळी एकच. आणि ह्याला करंट टीव्हीतून देऊ नका, पुरत नाही, सारखं बंद पडेल. वेगळा चार्जर लावा. इंटरनेट मोबाइलचं चालेल."

"आईंना सुनावणीत बोलायचंय, ते होईल ना?" हे सुनेने विचारलं.

यापुढे दोन हकिकती आहेत. अँटेना म्हणतो, त्याने स्पष्ट सांगितलं, "वहिनी, ह्यातून फक्त बघायचं. बोलायला ह्यात ना माइक, ना कॅमेरा. बोलायचं तर मोबाइलवरूनच." सून म्हणते, तिने प्रश्न विचारला तेव्हा अँटेना दुसऱ्या गिऱ्हाइकाला वायर मोजून देत होता, आणि तिच्या कानावर आलं ते एवढंच, "मोबाइलवरून." ती समजली, इंटरनेट मोबाइलवरून. थोरला काउंटरला टेकून उभा होता. त्याने काय ऐकलं, हे तोच सांगू शकतो.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी त्याने डोंगल लावलं. टीव्ही भिंतीला इतका चिकटून होता की हात मागे जाईना. कपाट सरकवावं लागलं. फोनचा हॉटस्पॉट चालू केला. पासवर्ड रिमोटने एकेक अक्षर हुडकत घातला. मग कार्यालयाचं चॅनेल तसंच, अक्षर अक्षर करत. जुन्या कुठल्यातरी सुनावणीचं चित्र आलं. लांब टेबल, मागे खिडक्या, भिंतीवर मोठा पडदा आणि त्या पडद्यावर, चौकटीत, दुसऱ्या एखाद्या घरातून बोलणारा एक माणूस.

"असं दिसेन मी?" आईने विचारलं.

"असंच," सून म्हणाली.

थोरला वायर गुंडाळत होता.

"म्हणजे आपली खोली दिसणार," आई म्हणाली. "सकाळी ते दोरीवरचे कपडे काढ गं. साहेबांना काय आपल्या चादरी दाखवायच्या?"

सुनावणीच्या दिवशी सकाळी सुनेने कपडे काढले. ओले होते, ते बादलीत घालून जिन्याच्या कठड्यावर वाळत घातले. भिंतीवर धाकट्याचा फोटो होता, तो आईने काढून आपल्या खुर्चीच्या मागे येईल असा लावून घेतला. खिळा थोरल्याने ठोकला. आई म्हणाली, जरा उजवीकडे, माझ्या डोक्याआड जाईल. त्याने उजवीकडे ठोकला.

सुनावणी सुरू झाल्यावर आईने चहाला नको म्हटलं. पाणीही नको. "साहेब बघतायत. समोर बसून घोट घेत बसायचं का?" सिस्टर मागच्या खाटेवर बसल्या, तर त्यांना कुजबुजून म्हणाली, "तुम्ही जरा कडेला व्हा, दोन बायका दिसल्या की कोण कोणाची आई कळायचं नाही."

सिस्टर नंतर म्हणाल्या, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण त्यांना वाटलं, कॅमेरा कुठंतरी असेल. थोरला शिकलेला, त्याने सगळं बघून केलं असणार.

सुपरवायझरची साक्ष आधी झाली. तो स्वतः तिथं हजर होता. रजेविषयी बोलणं झालं, हे त्याने पुन्हा सांगितलं. आई खुर्चीच्या दांड्या धरून ऐकत होती. "बोल, बोल," ती पुटपुटली. "माझी पाळी येऊ दे." मग आवाज अजून खाली आणून, "हे ऐकू गेलं का रे त्यांना?" असं तिने थोरल्याला विचारलं. "नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं.

मग अकरा वाजून दहा मिनिटं झाली.

सिस्टरांनी पुन्हा विचारलं, "दुसरी काही लिंक आली होती का? बोलायची?"

"हेच ते," थोरला म्हणाला. "मला वाटलं, ह्यातच दोन्ही होतं."

"फोन बघ आधी!"

फोन खिडकीच्या कठड्यावर होता. त्याने उचलला. निरोप शोधला, लिंक दाबली. कोड मागतंय, म्हणाला. मग म्हणाला, रेंज नाही इथं. आणि फोन घेऊन तो दाराबाहेर जिन्याकडे गेला.

टीव्हीवर चित्र थांबलं. अधिकाऱ्यांचा हात पेन धरून हवेत राहिला. मधोमध एक गोल फिरायला लागला. टीव्हीचं इंटरनेट त्याच फोनमधून येत होतं.

"काय झालं? काय म्हणाले?" आईने विचारलं. "सिस्टर, काय म्हणाले ते?"

सिस्टरांनी टीव्हीच्या तळाशी दिसणारा कार्यालयाचा नंबर वाचला. थांबलेल्या चित्रात तेवढं मात्र स्थिर होतं. त्यांनी आपल्या फोनवरून तो लावला. कोणीतरी उचलला. त्यांनी सांगितलं, आई घरी बसल्यात, बघतायत, त्यांना बोलायचंय, जोडता येत नाहीये, थांबा. पलीकडचा माणूस म्हणाला, साहेबांना सांगतो, धरून ठेवा. त्यांनी धरून ठेवला. बराच वेळ पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग तोच माणूस पुन्हा आला आणि म्हणाला, "बाई, पुढचं प्रकरण सुरू झालं."

थोरला आत आला तेव्हा टीव्हीवरचा गोल गेला आणि चित्र चालू झालं. लांब टेबलापाशी दुसरेच लोक बसले होते. कुठल्यातरी गोदामाच्या आगीविषयी कोणी बोलत होतं.

आई अजून उभीच होती. ती त्या दुसऱ्या लोकांना म्हणाली, "अहो, माझं राहिलंय."

सुनेने येऊन तिला बसवलं.

मधल्या वेळात काय झालं, हे सगळ्यांना संध्याकाळी कळलं. सुनावणीचा पूर्ण व्हिडिओ चॅनेलवर राहतो. सिस्टरांनी तो लावायला सांगितला. थोरल्याने लावला, नाही म्हणायला काही कारण नव्हतं. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून आईने तो बघितला.

कारकून म्हणतो, कोणी जोडलेलं नाही. थोड्या वेळाने त्याच्या टेबलावरचा फोन वाजतो. सिस्टर म्हणाल्या, "तो माझा." कारकून ऐकतो, फोन बाजूला ठेवतो, उठून अधिकाऱ्यांच्या कानाशी लागतो. अधिकारी म्हणतात, "बघतायत ना? मग जोडून घ्यायला काय अडचण आहे? ठीक आहे, थांबू आपण."

आणि ते थांबतात. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक रिकामी काळी चौकट उघडलेली आहे आणि तिच्याखाली आईचं नाव आहे. खोलीतले सगळे त्या चौकटीकडे बघत बसतात. सुपरवायझरही. कोणी खोकतं. कोणी पाणी पितं. अधिकारी घड्याळ बघतात, पुन्हा चौकटीकडे बघतात. थांबतात म्हणजे चांगले थांबतात.

मग ते म्हणतात, "नोंद करा. संधी देऊनही मृताच्या कुटुंबाकडून कोणी उपस्थित राहिलं नाही. साक्षीपुरावा संपला. निर्णय राखून ठेवला."

आईने विचारलं, "हे थांबले होते तेव्हा तू कुठं होतास?"

"जिन्यात. चौकशीच्या ऑफिसलाच फोन लावत होतो. एंगेज लागत होता."

कार्यालयाची लाइन तेव्हा सिस्टरांनी धरून ठेवलेली होती. तेव्हा एंगेज लागणं शक्य आहे.

"लिंक उघडायची सोडून फोन कशाला?"

"कोड येत नव्हता म्हणून."

"मी दोरीवरचे कपडे काढायला लावले," आई म्हणाली. "फोटो लावून घेतला. खिळा तू ठोकलास. तुला माहीत होतं का रे, ते मला बघत नाहीत?"

"आई, मी काय मुद्दाम करीन?"

"मी ते नाही विचारलं."

"मला वाटलं दिसतंय. सगळ्यांनाच वाटलं. हिलाही वाटलं, सिस्टरांनाही वाटलं. मग मलाच का धरतेस?"

"कारण फोन तुझ्याकडे होता."

तो बाहेर निघून गेला. सुनेने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर अँटेनाच्या दुकानात गेल्या. "मी काय सांगितलं नाही का?" तो म्हणाला. "डोंगलमधून आवाज कुठून जाणार? भोक मागच्या बाजूला, बाई बसणार पुढच्या बाजूला. साधी गोष्ट आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण गर्दी होती हो तेव्हा. कोणाला काय ऐकू गेलं, मी कशाला छातीठोक सांगू?"

सुनेने एक गोष्ट नंतर सांगितली, तीही नवरा कामावर गेल्यावर. तो फोन घेऊन बाहेर पडला तेव्हा कठड्यावरची एक चादर खाली घसरल्याचं तिला दारातून दिसलं, म्हणून ती जिन्यात गेली. तो खालच्या पायऱ्यांवर, पाठमोरा. फोन कानाला होता.

"बोलत होता?" आईने विचारलं.

"तेवढं नाही पाहिलं, आई. मी चादर उचलली आणि आले."

"एंगेज लागला की माणूस फोन कानाला किती वेळ धरतो?"

सून भाजी निवडायला बसली. ती त्याच घरात राहते.

पुढच्या महिन्यात थोरल्याची स्टोअरमधून कंपनीच्या ऑफिसात बदली झाली. रात्रपाळी सुटली. बदली सुनावणीच्या आधीच ठरली होती, असं तो सांगतो. त्याच्यासोबत आणखी दोघांची झाली, हेही खरं आहे. सुपरवायझर आपल्या जागी आहे. लिफ्टला नवं दार बसवलंय.

आईने थोरल्याशी बोलणं टाकलेलं नाही. जेवायला वाढते, कपड्यांना इस्त्री झाली का विचारते. फक्त त्याच्या फोनवर काही दाखवायला तो जवळ आला की म्हणते, "मला दिसत नाही." दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आता झालं आहे. तिला व्यवस्थित दिसतं.

डोंगल तिने काढू दिलं नाही. सिस्टरांनी आपल्या घरचं इंटरनेट त्याला जोडून दिलं. दुपारी काम आटोपलं की आई रिमोट घेते, अक्षर अक्षर हुडकत चॅनेल उघडते आणि तो व्हिडिओ लावते. सुपरवायझरचं बोलणं पुढे ढकलते. काळी चौकट आली की तिथं थांबते.

"तेच ते काय बघता?" सिस्टरांनी एकदा विचारलं.

"ते माझ्यासाठी थांबलेत ना," आई म्हणाली. "कोणीतरी असायला नको समोर?"

एकदा सिस्टर आल्या तेव्हा ती त्या चौकटीला सगळं सांगत होती. भांडी, साबण, ओट्यावरचा फोन, दोरीने बांध आणि चालव. सांगून झाल्यावर तिने रिमोटने टीव्ही बंद केला आणि डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला.

फेरसुनावणीचा अर्ज सिस्टरांनी लिहिला, सही आईने केली. साक्ष द्यायला मी स्वतः येईन, घरून बोलणार नाही, असं त्यात आहे. यापुढचे निरोप सिस्टरांच्या फोनवर यावेत, असंही आहे, कारण या प्रकरणात कुटुंबाचा म्हणून नोंदवलेला नंबर थोरल्याचा होता. कार्यालयाने अर्ज मिळाल्याचं कळवलं. नंबर बदलण्याला वेळ लागतो, म्हणाले.

मग बरेच दिवस काही नाही. सिस्टर आठवड्यातून एकदा कार्यालयाला फोन करायच्या. तो पंख्याचा आवाज त्यांना आता ओळखीचा झाला होता.

काल तोच कारकून बोलला. अर्ज मंजूर झाला आहे, तारीख पडली आहे. कुठली, ते मात्र फोनवर सांगता येत नाही. निरोप पाठवलेला आहे.

"कुठल्या नंबरवर?" सिस्टरांनी विचारलं.

"नोंदवलेल्या."

संध्याकाळी थोरला कामावरून आल्यावर आईने त्याला विचारलं. त्याने खिशातून फोन काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला.

"काही नाही आलेलं," तो म्हणाला.